मुक्काम चिलेंतोत, अमाल्फी बोटीतून

प्रश्न : आम्ही आठ वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे गुहागरहून आमच्याकडे येत आहेत आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात आम्ही सहा जणांनी (मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा) दहा दिवस दक्षिण इटलीत समुद्रकाठी राहावे, असा विचार चालू आहे. माझ्या यजमानांच्या मनात कित्येक वर्षांपासून अमाल्फीचा किनारा आहे. माझ्या कार्यालयातली नेपल्सची सहकारी मात्र सांगते की, वयस्कर माणसे आणि लहान मुले बरोबर असताना ऑगस्टमध्ये तिकडे जाऊ नका, त्याच्या खालीच असलेल्या चिलेंतोला जा. हे नाव आम्ही कधी ऐकलेही नव्हते. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. सासरे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांना जुन्या वास्तूंची आवड आहे. गाडी चालवण्याची आमची तयारी आहे. इतक्या लांब जाऊन अमाल्फी न पाहता परतलो तर कायमची हळहळ राहील, असे यजमानांना वाटते. आम्ही कोणता भाग निवडावा?
– एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : सप्रेम नमस्कार.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढची कारणे आपल्याला शांतपणे पडताळून पाहता येतील. मुक्काम चिलेंतोत करावा, शक्यतो सांता मारिया दि कास्तेल्लाबाते या गावात. आणि दहा दिवसांतला एक पूर्ण दिवस अमाल्फीसाठी राखून ठेवावा, मात्र तेथे रस्त्याने न जाता सालेर्नोहून बोटीने जावे. आपल्या सहकारी बाईंनी दिलेला सल्ला योग्य आहे आणि यजमानांची इच्छाही रास्त आहे. या दोन्हींचा मेळ घालता येतो, कारण हे दोन किनारे एकाच सालेर्नो जिल्ह्यात, एकाच आखाताच्या दोन अंगांना आहेत.

आखाताच्या उत्तरेला लात्तारी नावाचे चुनखडीचे डोंगर थेट समुद्रात उतरतात. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये सपाट जमीन अशी जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे अमाल्फीच्या किनाऱ्यावरची गावे आडवी न पसरता घरावर घर रचत उभी चढत गेली, त्यांच्या गल्ल्यांच्या पायऱ्या झाल्या आणि समुद्राकाठी वाळूऐवजी गोट्यांनी भरलेल्या लहान-लहान खाचा राहिल्या. तेथून पूर्वेकडे आले की सालेर्नो शहर लागते, मग दक्षिणेकडे सेले नदीचे सपाट, पाणथळ खोरे लागते आणि त्यापलीकडे चिलेंतोच्या ऑलिव्हच्या टेकड्या सुरू होतात. येथील डोंगर किनाऱ्यापासून थोडे मागे सरलेले आहेत, म्हणून वाळूचे लांब पट्टे तयार झाले आहेत. युनेस्कोने अमाल्फीच्या किनाऱ्याला जागतिक वारसा म्हणून १९९७ साली मान्यता दिली आणि चिलेंतोच्या राष्ट्रीय उद्यानाला, त्यातल्या प्राचीन अवशेषांसह, त्याच्या पुढच्याच वर्षी दिली. आपण चिलेंतोचे नाव ऐकलेले नाही याचे कारण एवढेच की तेथे प्रामुख्याने इटालियन लोकच सुट्टीला जातात.

अमाल्फीच्या पायऱ्यांविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या निर्णयात त्यांचाच वाटा सर्वांत मोठा असायला हवा. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन जुलै महिन्यात तेथे गेले होते. सालेर्नोहून अमाल्फी जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. नेहमीच्या बसला सव्वा तास लागतो, आम्हाला दोन तास लागले. बस सुटतानाच भरलेली होती, आई दरवाजाजवळच्या लोखंडी दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. प्रत्येक आंधळ्या वळणावर चालक लांब भोंगा वाजवत असे आणि समोरून पर्यटकांची मोठी गाडी आली की दोन्ही वाहने थबकत, मग त्यांपैकी एक इंचाइंचाने मागे सरके. एका कोणा प्रवाशाने शेवटी आईला जागा दिली, तोवर तिच्या तळहातांवर वळ उठले होते. उतरल्यावर कळले की ‘रस्त्यापासून पाच मिनिटे’ अशी जाहिरात केलेले आमचे घर रस्त्यापासून एकशे चाळीस पायऱ्यांवर आहे. तेवढ्या पायऱ्या मी मोजल्या, कारण सामान घेऊन त्या मला दोनदा चढाव्या लागल्या. पुढचे दोन दिवस आई त्या घराच्या गच्चीवर बसून राहिली. गच्चीवरून दिसणारा समुद्र अतिशय देखणा होता, ही गोष्ट खरी आहे; पण आई त्या पाण्यापर्यंत एकदाही गेली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या सासूबाईंच्या बाबतीत असे घडू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गाडीने हा प्रश्न सुटेल असे वाटत असेल, तर तसे होत नाही. बोर्बन या तेव्हाच्या राजघराण्याच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कड्यात कोरून काढलेला तो एकच रस्ता आजही या सगळ्या गावांना जोडतो आणि तो रुंद करायला कोठेही जागा नाही. २०२२ सालापासून तेथे उन्हाळ्यात सम-विषम क्रमांकांचा नियम लागू करण्यात येत आहे. त्यानुसार ऑगस्टमध्ये रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून गाडीला त्या रस्त्यावर येऊ द्यायचे की नाही हे ठरते. सहा जणांसाठी आपल्याला सात आसनी गाडी घ्यावी लागेल. ती त्या वळणांवरून नेणे हे एक दडपण, आणि ती उभी करायला जागा शोधणे हे त्याहून मोठे; याच किनाऱ्यावरच्या पोझितानो गावात वाहनतळाचे दिवसाचे शुल्क पाहून अनेकांचा बेत तेथेच बदलतो.

याचा अर्थ अमाल्फीचा किनारा राहण्याजोगा नाही, असा कृपया घेऊ नये. मुले थोडी मोठी झाल्यावर आपण दोघेच मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात, तर मी आपल्याला डोळे झाकून तेथेच पाठवीन, आणि तेही पोझितानोला नव्हे, तर मिनोरी किंवा आत्रानी या लहान गावांत. आत्रानी हे क्षेत्रफळाने इटलीतले सर्वांत छोटे नगर आहे, अमाल्फीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत डोंगराच्या कडेने जाणारी ‘देवांची पायवाट’ म्हणून ओळखली जाणारी वाट आपण त्या हवेत आनंदाने चालाल, तर ऑगस्टच्या उन्हात तिच्यावर सहा वर्षांच्या मुलाला नेण्याची कल्पनाही करवत नाही.

आता तारखांविषयी. इटलीत पंधरा ऑगस्टला ‘फेरागोस्तो’ ही राष्ट्रीय सुट्टी असते आणि तिच्या आगेमागे जवळजवळ सारा देश समुद्रावर उतरतो. त्या दिवसांत चिलेंतोही रिकामे नसते. नेपल्स आणि सालेर्नोची कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच गावात, पुष्कळदा त्याच घरात येऊन राहतात आणि किनाऱ्यावरच्या पुढच्या रांगेतल्या छत्र्या महिन्याच्या बोलीने घेतात. आपल्या राज्यातल्या शाळांची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातही चालू असते, ही आपल्यासाठी फार मोठी सोय आहे. म्हणून प्रवास आठ-दहा दिवसांनी पुढे ढकलून २५ ऑगस्टनंतर सुरू करावा आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतावे, असे मी सुचवीन. पाणी तोवर उबदारच असते, घरांची भाडी उतरलेली असतात आणि दुपारचे ऊन थोडे सौम्य होऊ लागते. सासू-सासऱ्यांच्या शेंगेन व्हिसाची मुदत आणि प्रवास विमा या तारखांना पुरतो ना, एवढे मात्र आधी तपासून घ्यावे. जर्मनीने दिलेल्या शेंगेन व्हिसावर त्यांना इटलीत जाता येते, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट अर्थातच बरोबर हवेत.

गुहागरच्या माणसांना समुद्राचे अप्रूप काय, असा विचार आपल्या मनात येऊन गेला असेल. मला उलट वाटते की चिलेंतोचा समुद्र त्यांना ओळखीचा वाटेल आणि तरीही रोज काहीतरी निराळे दाखवील. अमाल्फीचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. चिलेंतोचा बराचसा किनारा कोकणासारखाच पश्चिमेकडे पाहतो, त्यामुळे सूर्य पाण्यात मावळताना दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर कास्तेल्लाबातेच्या टेकडीवरून आखातापलीकडे कॅप्री बेटाची आकृतीही दिसते. पण सासऱ्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकेल : या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पाणी हातभर वर-खाली होते, बस्स. सकाळी जेथे मुलांनी किल्ला बांधला तेथे संध्याकाळीही पाणी तेवढ्याच अंतरावर असते. आपल्याकडे ज्याने जन्मभर भरतीचे वेळापत्रक डोक्यात ठेवून होड्या आणि माणसे ये-जा करताना पाहिली, त्याला हे नवल नातवंडांना समजावून सांगायला फार आवडेल. पाणी आपल्या समुद्रापेक्षा थोडे अधिक खारट असल्यामुळे अंग सहज तरंगते आणि सांता मारियाला वाळूचा तळ हळूहळू खोल होत जातो, म्हणून सहा वर्षांच्या मुलाला घेऊन उतरायला ती जागा बरी. सासूबाईंना सकाळी गावातूनच, एकही पायरी न चढता, किनाऱ्याकाठच्या फरसबंद रस्त्याने चालता येईल.

सासऱ्यांसाठी म्हणाल, तर मला हा भाग पेस्तुममुळेच निवडावासा वाटतो. इ.स.पू. ६००च्या सुमारास ग्रीक वसाहतकारांनी येथे पोसेइदोनिया नावाचे नगर वसवले. आज सपाट माळावर त्याची तीन डोरिक, म्हणजे जाड, साध्या खांबांच्या ग्रीक शैलीतली देवळे जवळजवळ पूर्ण उंचीने उभी आहेत. त्यांतले सर्वांत जुने इ.स.पू. ५५०च्या आसपासचे, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांहूनही तीन-साडेतीनशे वर्षे आधीचे आहे. नदीच्या गाळाने जमीन दलदलीची झाली, हिवताप पसरला, लोक हळूहळू उठून गेले आणि त्या ओसाडीमुळेच दगड चोरायला फारसे कोणी उरले नाही, हे या देवळांचे नशीब. मुलीला एक काम द्यावे : जुन्या देवळाच्या दर्शनी बाजूचे खांब मोजायला सांगावे. ते नऊ आहेत. विषम संख्येमुळे एक खांब बरोबर मध्यभागी येतो आणि देवाच्या मूर्तीसमोरची वाट अडवतो. शेजारच्या, शंभर वर्षांनंतरच्या देवळात मात्र समोर सहाच खांब आहेत आणि मधली वाट मोकळी आहे. दोन्ही देवळे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे, बांधणारे शंभर वर्षांत काय शिकले हे मुलांना चालता चालता दिसते. खांब मधोमध किंचित फुगलेले आहेत. जुन्या देवळात हा फुगवटा इतका ठळक आहे की वरच्या ओझ्याने दगड दबला आहे असे वाटते.

आवारासमोरच्या संग्रहालयात १९६८ साली जवळच सापडलेल्या एका थडग्याच्या चित्रित शिळा ठेवल्या आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जेथे मृताखेरीज कोणाचीच नजर पोहोचणार नव्हती तेथे, उंचावरून पाण्यात सूर मारणारा एक तरुण रंगवला आहे. दोन झाडे, एक मनोरा, खाली पाण्याचा फुगीर हिरवा आकार, आणि मधल्या हवेत एकटा तो. इ.स.पू. ४८०-४७०च्या सुमाराचे हे चित्र पाहताना मी तेथील बाकावर बराच वेळ बसून होते, आणि आपल्या मुलांनी ते त्याच दिवशी समुद्रात उड्या मारून आल्यानंतर पाहावे असे मला वाटते. १८ वर्षांखालील मुलांना इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत आणि उत्खननस्थळी तिकीट लागत नाही, मग ती कोणत्याही देशाची असोत. आवारात सावली फार थोडी आहे, म्हणून दुपार टाळावी. संध्याकाळी शेवटच्या प्रवेशाच्या वेळेच्या दोन तास आधी पोहोचावे, कारण त्या वेळी दगडाचा रंग मधासारखा होतो. जमीन सपाट असली तरी खडबडीत आहे, तेव्हा सासूबाईंना बंद बूट घालायला सांगावे.

पुढे दक्षिणेला वेलिया या प्राचीन ग्रीक नगराचे अवशेष आहेत. पार्मेनिदीस आणि झेनो या तत्त्वज्ञांचे हे गाव. कासवाला अकिलीस हा वेगवान ग्रीक वीर कधीच गाठू शकत नाही हा झेनोचा तर्क सासऱ्यांनी गाडीतच नातीला सांगितला, तर तो प्रवास सार्थकी लागेल. तेथे चढ आहे, त्यामुळे सासूबाईंनी खालीच थांबावे. वाटेतल्या पिओप्पी या चिमुकल्या गावात अन्सेल कीज हे अमेरिकन शास्त्रज्ञ अनेक वर्षे राहिले आणि तेथील लोकांच्या कडधान्ये, भाज्या व ऑलिव्ह तेलाच्या जेवणावरून त्यांनी ‘भूमध्य आहार’ ही कल्पना जगासमोर मांडली.

जेवणाबद्दल एक गोष्ट मला स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे, कारण ती तेथे कोणी आपणहून सांगत नाही. पेस्तुमच्या आसपास म्हशी पाळल्या जातात आणि त्यांच्या दुधाचे मोझ्झारेल्ला हे चीज जगप्रसिद्ध आहे. सकाळी एखाद्या दुग्धशाळेत गेलात, तर उकळत्या पाण्यात मऊ केलेला गोळा ओढून, त्याचा टोकाकडचा भाग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून कसा तोडतात ते पाहायला मिळते. तोडण्याच्या या क्रियेवरूनच त्या चीजला नाव पडले. म्हैस आणि ताजे दूध पाहून सासूबाईंना घरच्यासारखे वाटेल, आणि नेमकी तेथेच गफलत होण्याची शक्यता आहे. या चीजसाठी दूध साकळवायला वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात; मानांकन मिळालेल्या मोझ्झारेल्लासाठी तर ते नियमानेच ठरलेले आहे आणि पार्मेझानचेही तसेच आहे. पुष्कळ शाकाहारी माणसे हे माहीत नसल्यामुळे ते खातात आणि नंतर कळल्यावर खंतावतात. त्यांना जाण्याआधीच सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. त्याच दुग्धशाळांत म्हशीच्या दुधाचे दही मिळते, ते घट्ट आणि गोडसर असते. आमच्या आईने त्याचा रोज एक डबा संपवला.

बाकी चिलेंतोचे जेवण शाकाहारी माणसाला अमाल्फीपेक्षा अधिक मानवते, कारण हा मुळात गरीब शेतकऱ्यांचा प्रदेश आहे आणि त्यांच्या ताटात मासळीपेक्षा कडधान्ये जास्त होती. ‘लागाने ए चेची’ हा पदार्थ अवश्य मागवावा : कणीक आणि पाणी मळून कापलेल्या रुंद पट्ट्या आणि शिजवलेले छोले, म्हणजे आपल्या वरणफळांचा मावसभाऊच. ताज्या पास्त्यात काही ठिकाणी अंडे घालतात, म्हणून विचारून घ्यावे. ‘चांबोत्ता’ ही वांगी, बटाटा, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांची मिश्र भाजी असते. पिझ्झा खायचा तर ‘मारिनारा’ सांगावा. नावात समुद्र असला तरी त्यावर मासे नसतात, टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते आणि चीजही नसते. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा’ हे ‘मांस नको, मासे नको, अंडी नको’ अशा अर्थाचे शब्द एका कागदावर लिहून न्यावेत आणि ‘अलीची’ हा शब्द वेगळा लक्षात ठेवावा, कारण खारवलेली ही बारीक मासळी या किनाऱ्यावर भाजीतही सहज पडते.

स्वयंपाकघर असलेले घर आपण घेणारच, आणि ते योग्यही आहे. सासूबाईंना एखाद्या दिवशी साधा भात-आमटी लागेल. पण ही सुट्टी आपलीही आहे. घर घेण्यापूर्वीच यजमानांशी बोलून ठरवावे की दहांपैकी किती संध्याकाळी घरी स्वयंपाक होईल आणि तो कोण करील. आपल्या पत्रात सर्वांच्या आवडी-निवडी आल्या आहेत, फक्त आपली स्वतःची नाही, म्हणून हे लिहावेसे वाटले.

चिलेंतोच्या अडचणीही सांगते. गाडीवाचून तेथे निभाव लागणे कठीण आहे, बस थोड्या आहेत आणि इंग्रजी बोलणारे कमी. दुपारी एकनंतर दुकाने बंद होतात ती पाच वाजेपर्यंत उघडत नाहीत, रात्रीचे जेवण आठच्या आधी मिळत नाही. मुलांच्या पोटाची सोय त्या हिशेबाने ठेवावी. विमानाने नेपल्सला उतरून तेथेच गाडी घ्यावी, बत्तिपाल्यापर्यंत महामार्गाने यावे आणि मग पेस्तुमवरून खाली उतरावे. रेल्वे स्थानक जवळ हवे असेल तर आग्रोपोली हे मोठे गाव बरे, मात्र त्याचा जुना भाग चढावर आहे. पालिनुरो आणि कामेरोता यांचे पाणी अधिक निळे व गुहा अधिक सुंदर आहेत, पण ती गावे बरीच दक्षिणेला असल्यामुळे तेथून अमाल्फीचा दिवस साधणार नाही. म्हणून मी सांता मारिया सुचवते. घर निश्चित करताना मालकाला दोनच प्रश्न लेखी विचारावेत : गाडी थांबते तेथून घराच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि दारापासून वाळूपर्यंत किती. ‘थोड्या’ असे उत्तर आले तर ते घर घेऊ नये.

आता यजमानांचा दिवस. हवामानाचा अंदाज पाहून मुक्कामाच्या सुरुवातीच्या दिवसांतच तो ठरवावा, म्हणजे वारा सुटून बोटी रद्द झाल्या तर दुसरा दिवस हाताशी राहील. सकाळी लवकर गाडीने आग्रोपोली स्थानकावर जावे, तेथून रेल्वेने पाऊण तासात सालेर्नोला पोहोचावे; स्थानकापासून बोटीचा धक्का काही मिनिटांच्या सपाट चालीवर आहे. बोट पस्तीस-चाळीस मिनिटांत अमाल्फीला नेते, आणि ज्या कड्यावरच्या रस्त्याने माझी आई दोन तास उभी होती तो सगळा रस्ता, व्हिएत्री, चेतारा, मायोरी, मिनोरी ही गावे आणि लिंबांच्या बागांचे उतरते बांध त्या बोटीतून एका नजरेत दिसतात. अमाल्फीला धक्क्यापासून चौकापर्यंत सपाट रस्ता आहे. कॅथेड्रलच्या साठेक पायऱ्या सासूबाईंनी चढू नयेत. समोरच्या चौकात बसून लिंबाचा बर्फगोळा खाता खाता त्या पायऱ्या चांगल्या दिसतात. सासऱ्यांना सांगावे की हे गाव एके काळी व्हेनिस, जेनोवा आणि पिसा यांच्या तोलाचे सागरी प्रजासत्ताक होते आणि १३४३ सालच्या वादळाने त्याच्या बंदराचा मोठा भाग समुद्रात गेला. मुख्य रस्त्याने हळूहळू वर गेले की जुन्या गिरणीत हातकागदाचे संग्रहालय आहे, मुलांना स्वतः चिंध्यांच्या लगद्यातून कागद उचलू देतात.

तेथील लांबट लिंबू एक तरी विकत घ्यावे. त्याची साल जाड असते आणि आतला पांढरा गर कडू नसतो. स्थानिक लोक सालीसकट पातळ चकत्या करून मीठ लावून खातात. दुपारी पोझितानोपर्यंत पुढची बोट धरून, तेथे न उतरता किंवा घटकाभर उतरून परत फिरता येईल, पण चार वाजेपर्यंत परतीची बोट निश्चित केलेली असावी, कारण संध्याकाळच्या बोटींना मोठी रांग लागते. जाताना सर्वांनी बोटीच्या उजव्या बाजूला बसावे, किनारा त्या बाजूला असतो; येताना डाव्या बाजूला.